प्रश्न तुमचे: ओकासाकींची डेटा स्ट्रक्चर्स

हास्केल शिकताना ख्रिस ओकासाकी हे नाव सारखं येतं. त्यांनी नेमकं केलं काय?
(तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, गंगापूर रोड)

हास्केलसारख्या फंक्शनल भाषेत एकदा बनवलेली रचना (डेटा स्ट्रक्चर, म्हणजे माहिती ठेवायची मांडणी) बदलता येत नाही. भर घातली की नवी आवृत्ती मिळते आणि जुनी शाबूत राहते. कॉलेजात शिकवतात ते बहुतेक अल्गोरिदम जागच्या जागी बदल करणारे, त्यामुळे ते इथे जसेच्या तसे चालत नाहीत. ओकासाकींनी १९९६ साली कार्नेगी मेलन विद्यापीठात याच अडचणीवर पीएच.डी. केली. त्या प्रबंधावरचं ‘प्युअरली फंक्शनल डेटा स्ट्रक्चर्स’ हे पुस्तक १९९८ मध्ये आलं. त्यांचं सर्वांत मोठं काम कोणतं, ते तिसऱ्या उत्तरात.

दर बदलाला कॉपी म्हणजे मेमरीची वाट लागणार! आमच्या द्राक्ष पॅकहाउसच्या नोंदी लाखांत आहेत.
(सॉफ्टवेअर सांभाळणारे एक वाचक, पिंपळगाव बसवंत)

सगळ्याची कॉपी होतच नाही. १० लाख नोंदींचा समतोल ट्री (फांद्या फुटत जाणारी रचना) साधारण २० पातळ्यांचा असतो. एक नोंद बदलली की मुळापासून तिथपर्यंतचे तेवढे नोड (ट्रीचे सांधे) नवे बनतात, बाकीचा ट्री दोन्ही आवृत्त्या वाटून वापरतात. ही युक्ती ओकासाकींच्या आधीची आहे.

दोन लिस्टची क्यू सरासरीने स्थिर वेळेतच चालते. मग लेझी इव्हॅल्युएशन कशाला हवं?
(एक प्राध्यापक, नाशिक रोड)

सर, खरी मेख इथेच आहे. क्यू म्हणजे रांग, आधी आलेला आधी बाहेर. ती दोन लिस्टमध्ये ठेवायची: पुढच्या लिस्टमधून काढायचं, मागच्या लिस्टच्या तोंडाशी घालायचं आणि पुढची संपली की मागची उलटवायची. हजार घटक उलटवायला हजार पावलं लागतात, पण ते घालताना दर वेळी एकेक पाऊल शिलकीत टाकलं होतं, म्हणून हिशेब जुळतो. आता उलटवण्याच्या ऐन आधीची आवृत्ती जपून ठेवा आणि तिच्यावरच शंभर वेळा ‘काढा’ चालवा. दर वेळी हजार पावलं पडतील, आणि शिल्लक तर एकदाच खर्चता येते!

ओकासाकींनी हिशेब शिलकीऐवजी कर्जाचा मांडला. मागची लिस्ट पुढचीपेक्षा मोठी होताच उलटवण्याचं काम फक्त नोंदवून ठेवायचं, म्हणजे कर्ज काढायचं. गरज पडेपर्यंत काम न करणं, हेच लेझी इव्हॅल्युएशन. पुढची प्रत्येक क्रिया त्याचा छोटा हप्ता फेडते. काम खरोखर करायची वेळ येते तोवर पुढचे सगळे घटक काढून झालेले असतात आणि कर्ज फिटलेलं असतं. लेझी इव्हॅल्युएशनमुळे एकदा काढलेलं उत्तर साठून राहतं, म्हणून त्याच नोंदीवर टेकलेल्या शंभर आवृत्त्यांना ते आयतं मिळतं. नोंद होण्याआधीच फाटे फुटले असतील तर प्रत्येक फाटा आपलं कर्ज स्वतः फेडतो. कर्ज चुकून दोनदा फेडलं तरी हिशेब बिघडत नाही, हे या मांडणीचं मर्म. त्याआधी सरासरीचा हिशेब आणि जुन्या आवृत्त्या यांचं जमतच नाही असा समज होता. हूड आणि मेलव्हिल यांनी १९८१ मध्ये लेझीपणाशिवाय दर क्रियेला स्थिर वेळेची क्यू बांधली होती, पण तो कोड वाचवत नाही. माझ्या मते ओकासाकींनी बाकी काही केलं नसतं तरी एवढं पुरेसं होतं.

इंटरव्ह्यूसाठी रेड-ब्लॅक ट्रीचं इन्सर्शन पाठच होत नाही.
(नोकरी शोधणारा वाचक, सिडको)

पाठ करू नका. ओकासाकींचा १९९९ चा छोटा लेख वाचा. रेड-ब्लॅक ट्री नोडना लाल-काळे रंग देऊन समतोल राखतो, आणि त्यात लालखाली लाल चालत नाही. नवी नोंद घातल्यावर काळ्या नोडखाली लाल आणि त्याखाली पुन्हा लाल, असं चारच प्रकारे घडतं. चारही वेळा उत्तर एकच: वर लाल, खाली दोन काळे. शेवटी मूळ काळं करायचं. पॅटर्न मॅचिंगने हे काही ओळींत लिहून होतं. डिलीशनही इतकंच सोपं असेल अशी आशा मात्र ठेवू नका. त्या लेखात ते नाहीच.

पुस्तकासाठी हास्केल यायलाच हवं का?
(अंबड एमआयडीसीतून)

नाही. मुख्य कोड स्टँडर्ड एमएल या दुसऱ्या फंक्शनल भाषेत आहे, हास्केल परिशिष्टात. एमएल मुळात लेझी नसल्यामुळे त्यांनी डॉलरच्या चिन्हाची खास खूण जोडली. तेवढी आधी समजून घ्या. हास्केलमधला इंटमॅप (पूर्णांकावरून नोंद शोधायची रचना) वापरत असाल तर त्यामागे ओकासाकी आणि अँडी गिल यांचा १९९८ चा लेख आहे.