जोडीचं सामान जोडीनंच जाऊ दे

प्रिय,

विमानाने शिकारीला निघायच्या तयारीचं तुझं पत्र वाचलं, जमिनीवर पसरलेल्या सामानाचा फोटोही पाहिला. चार दिवसांत तीनदा बॅग भरलीस, तीनदा उपसलीस, काटा मात्र ३१ किलोवरून हलत नाही. म्हणून आता तंबूच्या दांड्या बंदुकीच्या पेटीत सरकवायचं ठरवतो आहेस. पेटी लांब आहे, दांड्या अलगद बसतात. एवढं वाचलं आणि बाकीचं पत्र बाजूला ठेवून लिहायला बसलो.

दांड्या तिथे घालू नकोस. मी घातल्या होत्या. डफल बॅग माझ्याबरोबर उतरली, पेटी दोन दिवसांनी आली. तळावर पोचलो तेव्हा पाऊस लागलेला. तंबूचं नुसतं कापड दोन झाडांमध्ये दोरीवर टाकलं. मधोमध पाणी साचून ते तोंडापर्यंत लोंबायचं, मी उठून हाताने वर ढकलायचो. रात्रभर हेच चाललं. धाकटा भाऊ पहिल्यांदाच बरोबर आला होता. त्याची पिसांची स्लीपिंग बॅग भिजली. पीस भिजलं की त्याचे गोळे होतात, ऊब उरत नाही. सकाळी तो परत निघाला आणि पुन्हा कधी माझ्याबरोबर शिकारीला आला नाही. बंदूक उशिरा आली याचं मला काही नाही. दांड्यांचं अजून वाटतं.

तेव्हापासून एकच धरून बसलो आहे: जी वस्तू दुसरीशिवाय निकामी, ती तिच्यापासून वेगळी जाणार नाही. तंबू, दांड्या, खुंट्या एका बॅगेत. मॅट फुगवायचा पंप मॅटच्याच गुंडाळीत. तू म्हणशील, ती अख्खी बॅगच हरवली तर? हरवली तर तंबू गेला, हे मान्य. पण दोन बॅगांत वाटलेला तंबू दोन्हींपैकी कुठलीही एक हरवली तरी जातो. धोका दुप्पट करून घेतोस तू, आणि कशासाठी, तर दोन-तीन किलोंसाठी!

व्हॅक्यूम पिशवी कोणती घेऊ, हे चार ओळींत विचारलंस. अरे, त्याने आकार कमी होतो, वजन तेवढंच राहतं. तुझी अडचण वजनाची आहे. बहुतेक विमान कंपन्या एका बॅगेला २३ किलो देतात, लांबी-रुंदी-उंची मिळून १५८ सेंटिमीटर. ३२ किलोपर्यंत पैसे भरून जाते. तेव्हा सरळ दोन बॅगा कर: एकीत निवारा आणि झोप, दुसरीत चूल, कपडे, सुरी. बूट आणि जाड कोट अंगावर. तंबूची स्वतःची पिशवी घरीच ठेव; कापड मोकळं कोंबलं तर कोपऱ्याकोपऱ्यांत बसतं. स्लीपिंग बॅग आदल्या रात्रीच दाब, आठवडाभर दाबून ठेवलीस तर पीस नीट फुलत नाही.

काही जोड्या मात्र विमानाचा नियमच तोडतो. गॅसचा डबा केबिनमध्येही चालत नाही आणि चेक-इनलाही. तो तिथे पोचल्यावर विकत घ्यायचा, म्हणून तुझ्या स्टोव्हला आट्यांचा डबा बसतो की खटक्याचा, आणि तो तिथे मिळतो का, हे आजच बघ. स्टोव्ह धुऊन ने, इंधनाचा वास येता कामा नये. अस्वलासाठीचा स्प्रेही विमानात नाही. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिनमध्येच न्याव्या लागतात. मग हेडलॅम्पही केबिनमध्ये घे. जोडीचं जोडीनं, पुन्हा सांगतो. बंदूक रिकामी, कुलूपबंद कडक पेटीत, काउंटरवर सांगून. काडतुसं साधारणपणे माणशी ५ किलोपर्यंत, खोक्यात बांधलेली, आणि दोघांचा वाटा एकत्र करता येत नाही. कंपनीला आधी विचारून घे.

शेवटचा टप्पा लहान विमानाचा आहे म्हणालास. तिथे कडक सुटकेस चालणार नाही, मऊ छोट्या पिशव्या लागतात, आणि सामानाबरोबर तुझंही वजन करतात. परतीला मांस असेल, त्यासाठी एक घडीची बॅग तळाशी टाक. मांस घट्ट गोठवून घे. ड्राय आईस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, २.५ किलोपर्यंत, तोही कंपनीच्या परवानगीने आणि वाफेला वाट ठेवून.

माझे सोबती म्हणतात, मी हट्टी आहे, दरवेळी ज्यादा वजनाचे पैसे भरतो. भरतो. त्यांना मी त्या रात्रीचं सांगितलं आहे, तरी ते वजन सगळ्या बॅगांत समान वाटून टाकतात. मला ते जमणार नाही, आणि तुलाही जमू नये असं मनापासून वाटतं.

आज रात्री चौथ्यांदा भर. दोन्ही बॅगांचं वजन मला कळव, आणि दांड्या कुठे आहेत ते पहिल्याच ओळीत लिही.

तुझा,
काका