ॲनाटॉमी जमतं, एटकॉमच अडतं

खानापूर तालुक्यातल्या एका गावची मुलगी. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बेळगावात पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स, नीट आणि आता एमबीबीएसचं पहिलं वर्ष. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) पहिल्या अंतर्गत परीक्षेच्या आठवडाभर आधी ती आमच्याकडं मदत मागायला आली. "मॅडम, ॲनाटॉमी रात्र रात्र बसून होतंय. पण एटकॉमचं पाठ काय करायचं हेच कळंना झालंय. लॉगबुक, म्हणजे तासांच्या नोंदींची वही, जवळजवळ कोरंच आहे." शिवाय कुटुंब दत्तक कार्यक्रमात, म्हणजे विद्यार्थ्यांना पाहणीसाठी नेमून दिलेल्या कुटुंबांच्या घरी, कन्नड बोलायची धास्ती वेगळीच.

एटकॉम म्हणजे वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद. २०१९ च्या अभ्यासक्रमानुसार पहिल्या वर्षाला त्याचे पाच भाग: डॉक्टर असणं म्हणजे काय, रुग्ण असणं म्हणजे काय, दोघांतलं नातं, संवादाचा पाया आणि शवविच्छेदनातला देह हा पहिला गुरू. यात पाठांतराला फारसं काही नाही, आणि तिची गाडी तिथंच अडली होती. वहीतल्या जेमतेम तीन नोंदींत "डॉक्टरनं दयाळू असावं" हे वाक्य सात वेळा आलं होतं.

आम्ही तिला तीन प्रश्न दिले. काय घडलं? त्यातून मला काय उमगलं? पुढच्या वेळी मी काय वेगळं करीन? प्रत्येकाला चार ओळी, तासाच्या दिवशीच, झोपण्याआधी. बारा-पंधरा मिनिटं पुरतात. महिनाभराचं साचवून लिहायला बसलं की घडलेलं आठवत नाही; मग मैत्रिणीची नोंद उतरवली जाते आणि दोन वह्यांतलं एकच वाक्य शिक्षकाला लगेच दिसतं. देहाबद्दलची तिची नवी नोंद अशी होती: "टेबलाजवळ कुणीतरी हसलं, मीही हसले. नंतर सरांनी सांगितलं, हा देह कुटुंबानं दान दिलाय. पुढच्या वेळी मी हसणार नाही, आणि हसणाऱ्याला हळूच थांबवीन." लेखी परीक्षेत लघुत्तर आलं तर अशा प्रसंगाला चार मुद्दे जोडायचे: आदर, गोपनीयता, देहदान आणि बेवारस देह यांतला फरक, कर्नाटकचा १९५७ चा ॲनाटॉमी कायदा.

कम्युनिटी मेडिसिनमध्ये (सामाजिक आरोग्याचा विषय) मात्र आकडे चुकत होते. ग्रामीण घराची आर्थिक पातळी ठरवायला बी. जी. प्रसाद वर्गीकरण (१९६१) वापरतात. ते दरडोई मासिक उत्पन्नावर चालतं. तिच्या एका दत्तक घरात खर्च वजा जाता वर्षाला एक लाख ऐंशी हजार, मुख्यतः ऊसबिलाचे. माणसं सहा, कमावते दोन. तिनं कमावत्यांनी भागून ७,५०० काढले. बरोबर रीत अशी: आधी बाराने भागा, १५,०००. मग तान्ह्या बाळासकट सगळ्यांनी भागा, २,५००. दुसरी चूक जुन्या तक्त्याची. या वर्गीकरणातल्या उत्पन्नाच्या मर्यादा ग्राहक किंमत निर्देशांकानुसार, म्हणजे महागाईप्रमाणे, बदलत राहतात, त्यामुळे सीनियरच्या झेरॉक्सवरून वर्ग ठरवला की तो चुकू शकतो.

आणखी एक. घरात शिरल्या शिरल्या उत्पन्न विचारू नये. लोक आखडतात, आकडा कमी सांगतात. आधी पाणी कुठून येतं, चूल की गॅस, बाळाचं लसीकरण कार्ड कुठं आहे, घरात कोण आजारी आहे हे विचारायचं. उत्पन्न सगळ्यात शेवटी.

राहिलं कन्नड. शाळेत शिकल्यामुळं लिपी तिला येत होती, तोंडच उघडत नव्हतं. पंचवीस वाक्यं पुरतात, तीही देवनागरीत लिहून: त्रास काय, किती दिवसांपासून, कुठं, कशानं वाढतो, औषध कुठलं चालू आहे. पुस्तकातलं "नोवु" (दुखणं) इकडच्या खेड्यात बऱ्याचदा "ब्यानी" होतं. पोटदुखी म्हणजे "होट्टी ब्यानी". "त्रास" तर इकडच्या कन्नडमध्येही त्रासच, हे ऐकून ती पहिल्यांदा हसली. बैलहोंगलची तिची रूममेट रोज जेवताना पाच वाक्यं विचारू लागली. बदल्यात तिला मराठी हवं होतं, खानापूरच्या पेशंटसाठी.

दुसऱ्या भेटीला तिनं लॉगबुक आणलं. अकरा नोंदी, तारखा आणि सह्यांसकट. एटकॉमचा एक तास मात्र चुकला होता, तेव्हा तो कधी भरून काढता येईल हे विभागात त्याच आठवड्यात विचार, असं सांगितलं. दत्तक घरातल्या आजींचं बोलणं तिला अजून निम्मंच कळतं. न कळलेले शब्द ती वहीच्या शेवटच्या पानावर टिपते आणि रात्री रूममेटला विचारते.