रात्री पडणारा, सकाळी चालणारा एफटीपी जॉब

प्रश्न : झेड/ओएसवरून (आयबीएम मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम) रोज रात्री बाहेरच्या सर्व्हरला फाइल पाठवणारा आमचा एफटीपी जॉब आठवड्यातून दोन-तीनदा पडतो. जेसीएल (जॉब कसा चालवायचा याच्या सूचना) तेच, सर्व्हर तोच. सकाळी पुन्हा सबमिट केला की निमूट चालतो. नेटवर्क टीम म्हणते, लाइन ठीक आहे. शोध कुठून सुरू करावा?

उत्तर : आधी जेसीएलमधल्या पार्ममध्ये (प्रोग्रामला द्यायचे पर्याय) 'एक्झिट', म्हणजे चूक झाली की थांबण्याचा पर्याय, आहे का ते पाहा. तो नसेल तर पुट (फाइल पाठवण्याची आज्ञा) फसूनही स्टेपचा रिटर्न कोड शून्य, म्हणजे 'सगळे ठीक', येऊ शकतो, म्हणजे जॉब तुम्हाला वाटतो त्याहून जास्त वेळा पडत असेल. मग पडलेल्या आणि चाललेल्या चार-पाच रनचे आउटपुट शेजारी ठेवा आणि दोन्ही टोकांचे बोलणे नेमके कुठे थांबले ते शोधा. एफटीपीत पोर्ट २१ वर कंट्रोल कनेक्शन असते आणि प्रत्येक फाइलसाठी वेगळे डेटा कनेक्शन उघडते. कोणते तुटले, यावर सगळे अवलंबून आहे.

लॉगिनच्या आधीच ईझेडए२५८९ई (सर्व्हरशी जोडणी तुटली किंवा वेळ संपली, हा संदेश) आला, तर दोन्ही टोकांचे आयपी तपासा. सर्व्हरच्या नावामागे दोन-तीन पत्ते असतात आणि फायरवॉलचा रूल एकालाच असतो, हे फार वेळा दिसते. आपल्या बाजूलाही तेच : सिसप्लेक्समध्ये (एकत्र जोडलेल्या झेड/ओएस सिस्टिम) जॉब आज एका एलपारवर (मेनफ्रेमचा स्वतंत्र सिस्टिम चालवणारा भाग), उद्या दुसऱ्यावर चालतो, सोर्स आयपी बदलतो आणि समोरचा फायरवॉल त्याला ओळखत नाही. जॉब सांभाळायला जेइएस२ असेल तर जेसीएलमधल्या जॉबपार्मच्या सिसअफने (जॉब कोणत्या सिस्टिमवर चालावा हे ठरवणारा पर्याय) जॉब काही दिवस एकाच एलपारवर बांधा. तेवढ्याने पडणे थांबले तर चोर सापडला. कायमचा उपाय म्हणजे टीसीपीआयपी प्रोफाइलमध्ये एसआरसीआयपी देऊन जॉबला ठरावीक सोर्स पत्ता लावणे.

लॉगिन झाले, पण डेटा कनेक्शन उघडेना, तर पॅसिव्ह पोर्टांची (डेटासाठी सर्व्हर स्वतः उघडून सांगतो ते पोर्ट) रेंज पाहा. सर्व्हर ५०००० ते ५०१०० मधला कोणताही पोर्ट देतो आणि फायरवॉलमध्ये ५००५० पर्यंतच उघडे असतील, तर साधारण निम्मे प्रयत्न फसणारच. सर्व्हर हा पोर्ट २२७ क्रमांकाच्या उत्तरात कळवतो. त्यातले शेवटचे दोन आकडे घ्या : पहिल्याला २५६ ने गुणा, दुसरा मिळवा. १९५ आणि १४९ असतील तर पोर्ट ५००६९. फसलेल्या रनचे पोर्ट असे काढून यादी दिलीत की नेटवर्क टीमशी वाद उरत नाही. एफटीपीएसमध्ये (एन्क्रिप्शनसह एफटीपी) कंट्रोल कनेक्शन एन्क्रिप्ट असल्याने फायरवॉलला हा पोर्ट वाचून ऐनवेळी उघडता येत नाही. तिथे पूर्ण रेंज आधीच उघडी हवी.

आणि फाइल पूर्ण जाऊन २२६ (फाइल पोचल्याचे सर्व्हरचे उत्तर) मात्र आलेच नाही, असे मोठ्या फाइलच्या दिवशीच होत असेल, तर तासभर गप्प बसलेले कंट्रोल कनेक्शन फायरवॉलने मधेच टाकून दिले आहे. एफटीपी.डेटा या सेटिंगच्या फाइलमध्ये एफटीपीकीपअलाइव्ह (कनेक्शन जागे ठेवायला ठरावीक सेकंदांनी संदेश पाठवणे) द्या. न दिल्यास ते बंदच असते. ३०० सेकंद सहसा पुरतात. फायरवॉलच्या आयडल टाइमआउटपेक्षा आकडा कमी हवा, एवढेच.

प्रश्न : बाहेरचा क्लायंट एफटीपीने मेनफ्रेमवरून डेटासेट (मेनफ्रेमची फाइल) ओढतो. पहिल्यांदा टाइमआउट, दहा मिनिटांनी लगेच मिळतो. असे का?

उत्तर : यात नेटवर्कचा दोष असण्याची शक्यता कमी. डेटासेट एचएसएमने (न वापरलेला डेटा स्वस्त साठ्यात हलवणारा प्रोग्राम) मायग्रेट केलेला असावा. पहिल्या मागणीने रिकॉल, म्हणजे तो परत आणणे, सुरू होतो, टेपवरून यायला वेळ लागतो, क्लायंट कंटाळून सोडतो. दुसऱ्या वेळी डेटासेट डिस्कवर हजर असतो. आयएसपीएफ ३.४ मध्ये (डेटासेटची यादी दाखवणारा स्क्रीन) व्हॉल्यूमच्या जागी 'मायग्रॅट' दिसते का पाहा, पण पहिल्या प्रयत्नाच्या आधी. नंतर पुरावा पुसलेला असतो. ठरलेल्या वेळेआधी एचरिकॉल (रिकॉलची आज्ञा), वेट पर्यायासह, एका जॉबमधून चालवा.

प्रश्न : सगळे टाइमआउट वाढवून टाकले तर?

उत्तर : रिकॉलच्या बाबतीत क्लायंटचा टाइमआउट वाढवून उपयोग होईल. बंद पोर्टासमोर मात्र जॉब तसाच पडेल, फक्त उशिरा.