पात हिरवीगार, फूल मात्र नाही

प्रश्न : काकू, दोन वर्षांपूर्वी शहाद्याच्या नणंदेने गुलाबी रेन लिलीचे कांदे दिले. तिच्याकडे पहिल्या पावसात अख्खा वाफा फुलतो. माझ्या कुंडीत पात दाट आहे, फूल एकही नाही. रोज पाणी घालते, महिन्याला चिमूटभर युरियाही देते. काय कमी पडतंय?
– एक वाचक, यावल

उत्तर : ताई, कमी काहीच पडत नाही, जास्त होतंय. तुम्ही केळीच्या पट्ट्यातल्या. तिथे पाणी आणि युरिया बारमाही चालूच असतो, त्यामुळे हात आपोआप कुंडीकडेही वळतो. पण युरियाने या झाडाची नुसती पातच माजते. तो आजपासून बंद करा.

खरी गरज आहे ती ताणाची. लिंबाच्या बागेला बहार धरताना पाणी तोडतात, तसंच इथे करायचं. कोरडा काळ काढून मग एकदम भरपूर पाणी मिळालं, की कांद्यातून कळी वर येते. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की रोजचं पाणी थांबवा. पात पिवळी पडेल, वाळेल, पडू द्या. कांदा खाली जिवंत असतो. मात्र आपल्याकडचा मे महिना साधा नव्हे. गच्चीवरची काळी प्लॅस्टिकची कुंडी पंचेचाळीस अंशांत भट्टीसारखी तापते आणि कांदे शिजतात. कुंडी भिंतीच्या सावलीला ओढा, आठ-दहा दिवसांतून एकदा माती जेमतेम ओलावा. मृगाचा पाऊस आला की बाहेर उघड्यावर ठेवा. चांगला भिजवणारा पाऊस पडला की साधारण आठवड्यात कळ्या दिसतात. मृग कोरडा गेला तर आपणच एकदा खालून निथळेपर्यंत पाणी द्यायचं. एक फूल दोन-तीन दिवसच टिकतं, पण पावसाच्या प्रत्येक उघडिपीनंतर नवा बहार येतो.

पाणी तोडण्याआधी एक कांदा उकरून बघाच. तपकिरी पापुद्र्याचा, छोट्या कांद्याएवढा निघेल. अंगठ्याने दाबा. घट्ट लागला तर उत्तम. बोट आत गेलं, वास आला, तर कूज लागली आहे. तेवढे कांदे काढून फेका. रोजच्या पाण्याने निव्वळ काळ्या मातीत हे हमखास होतं, कारण ती ओल सोडतच नाही. काळी माती, नदीची जाड वाळू आणि जुनं शेणखत समसमान घ्या. कांदा मानेपर्यंत, साधारण दोन बोटं खोल लावा. चुलीची राख बायका हौसेने घालतात, ती घालू नका. आपली जमीन आणि बोअरचं पाणी आधीच विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं, त्यात तशाच राखेची भर कशाला?

ऊन किमान पाच तास हवं. आणि कांद्यांची गर्दी झाली म्हणून घाईने वेगळे करू नका, दाटीतच ही लिली छान फुलते. तीन-चार वर्षांनी, कोरड्या दिवसांत, वाटणी करा.

पावसाळ्यात पातीवर काळ्या अळ्या येतात, अंगावर लाल-पांढरे ठिपके असलेल्या. मला त्यांचा फार राग येतो, कारण एका रात्रीत कुंडी भुंडी करतात. सकाळी लवकर चिमट्याने वेचून साबणाच्या पाण्यात टाका. घरच्या कुंडीला फवारणीची गरज नाही. कांदा विषारी असतो, तेव्हा लहान मुलं, शेळ्या, कुत्री यांच्यापासून कुंडी लांब ठेवा.

शेवटी पात नीट पाहून घ्या. पट्टीसारखी चपटी असेल तर गुलाबीच. बारीक, जाडसर, गडद हिरव्या काडीसारखी असेल तर नणंदेकडून पांढऱ्या जातीचे कांदे आले असतील. पांढरीला ओल आवडते, तिला इतका कडक ताण देऊ नका. उन्हाळ्यातही दोन-तीन दिवसांआड पाणी चालू ठेवा.