पिशवीचं वजन आधी सांगा

(पायी नर्मदा परिक्रमेवरच्या आमच्या मागच्या लेखानंतर बरीच पत्रं आली. त्यातल्या काहींना त्याच लेखिकेची ही उत्तरं. ताई सरकारी रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत आणि त्यांनी ओंकारेश्वरहून पायी परिक्रमा केली आहे.)

प्रश्न : वय ५६, शिक्षिका होते. सोबत येणारी मैत्रीण ऐनवेळी नाही म्हणाली. घरचे म्हणतात, एकटी बाई कशाला, गाडीने करून ये. मी काय करू? सामानाची यादी सोबत पाठवते आहे. (एक वाचक, इचलकरंजी)

गाडीने केलेली परिक्रमा वाईट नसते, पण ती तुम्हाला हवी असती तर हे पत्र लिहिलंच नसतं तुम्ही. तेव्हा एकटीचं बोलू. खरं तर निघताना एकटी असलेली बाई दोन दिवसांत एकटी राहतच नाही. कार्तिकी एकादशीनंतर चातुर्मास संपतो आणि सगळे त्याच सुमारास निघतात. तुमच्याच चालीची चार माणसं कुठल्या तरी घाटावर भेटतात, त्यात निम्मी पुण्या-साताऱ्याकडची असतात. फक्त पहिल्याच दिवशी कुणाशी 'शेवटपर्यंत एकत्र' असं ठरवू नका. चाल जुळली नाही की भांडणं होतात, आणि भांडून चालणं फार दमवतं.

मुक्कामाचा माझा नियम साधा होता. उजेड असताना थांबायचं आणि घरात किंवा आश्रमात बाईमाणूस आहे का ते आधी बघायचं. असेल तर 'नर्मदे हर' म्हणून आत जायचं. 'कितनी मूर्ती?' असं विचारतील. म्हणजे माणसं किती. मग 'आसन लगा लो' म्हणतील, की पथारी टाकायची. कुठे शिजवलेली प्रसादी मिळते, कुठे सदावर्त, म्हणजे पीठ-डाळ-तांदूळ हातात देतात आणि चूल आपण पेटवायची. सुरुवातीला घेताना हात आखडतो. पगारावर जगलेल्या आपल्यासारख्या बायकांना तर फारच. संडासाची सोय मोठ्या आश्रमांत बरी आहे, खेड्यांत पहाटे उठण्याला पर्याय नाही, हे तोंडावर सांगून टाकते.

आता यादी. दोन स्वेटर, प्रेशर पॅन, तीन पोथ्या, सहा साड्या! अहो, तुमची पिशवी बारा किलोच्या खाली येत नाही. पाठीवर सहा-सात किलो, त्यात पाणी आलं. अंगावरचा एक आणि धुवायचा एक असे दोन जोड, एक चादर, एक पातळ कांबळं, ताट-वाटी, बॅटरी, आधार कार्ड, निघताना घ्यायचं परिक्रमेचं प्रमाणपत्र, मैय्याच्या, म्हणजे नर्मदेच्या, पाण्याची छोटी बाटली. पोथी एकच. बूट नेहमीपेक्षा एक नंबर मोठे घ्या, कारण दुपारनंतर पाय सुजतात, आणि निघण्याआधी महिनाभर ते घालून बाजारहाट करा.

थंडीपेक्षा उन्हाचा विचार करा, हे मात्र कुणी सांगत नाही. नदी उजव्या हाताला ठेवायची, म्हणजे ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने आधी पश्चिमेला समुद्राकडे. रोज वीसेक किलोमीटर धरले तर थंडी सातपुड्यात आणि गुजरातेत संपत येते. मग उत्तर तटाने उगमाशी, अमरकंटकला वळेपर्यंत मार्च लागतो आणि नर्मदापुरम, हंडिया ते ओंकारेश्वर हा शेवटचा टप्पा ऐन एप्रिल-मेच्या उन्हात येतो. थकलेलं अंग आणि निमाडचं ऊन! तिथे पहाटे चारला निघून दहाला थांबायचं. दुपारी चालण्याची फुशारकी नको.

घरच्यांना एक सांगून ठेवा : रोज फोन होणार नाही. सातपुड्यात रेंज नाही. सरदार सरोवराच्या पाण्याखाली शूलपाणीच्या झाडीतली, म्हणजे तिथल्या जंगलातली, जुनी काठाची वाट गेली, त्यामुळे आता लोक डोंगरातून किंवा आतल्या रस्त्याने जातात. आपल्या नंदुरबार जिल्ह्याची उत्तर सीमा म्हणजे नर्मदाच, तेव्हा तेवढे दिवस मराठी कानावर पडेल म्हणून खूश होऊ नका, पाड्यांवर पावरी आणि भिलोरी चालते. आणि समुद्राजवळ, विमलेश्वरला, नाव भरतीच्या वेळेवर सुटते. आज नाही तर उद्या. तिथून खाडीतून तीन-चार तासांत पलीकडे मिठीतलाई. नदी ओलांडायची नाही हा नियम, म्हणून मुखाशी समुद्रातून वळसा.

प्रश्न : मला बारा वर्षं मधुमेह आहे, इन्सुलिन घेतो. अनवाणी परिक्रमेचा नवस बोललो आहे. मार्गदर्शन करावे. (एक वाचक, बार्शी)

अनवाणी नाही. यात चर्चा नको.

तुमच्यासारखे पाय मी वॉर्डात वर्षानुवर्षं धुतले आहेत. मधुमेहात तळव्याची जाणीव हळूहळू जाते. बाभळीचा काटा रुतलेला माणसाला कळतच नाही, चार दिवसांनी मोज्याला वास येतो तेव्हा कळतं. नवसाचं म्हणाल तर मैय्याला तुमचा अंगठा नको आहे. आमच्यासोबत असेच एक काका होते, ते फक्त मंदिरात आणि घाटाच्या पायऱ्यांवर चप्पल काढायचे. तेवढं पुष्कळ झालं.

आधी डॉक्टरांकडून तळव्यांची संवेदना तपासून घ्या. ती कमी झाली असेल तर पायी जाऊच नका. शाबूत असेल आणि डॉक्टर हो म्हणाले तर पुढचं. रोज रात्री बॅटरी लावून दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या, वाकता येत नसेल तर छोटा आरसा ठेवा. फोड आलाच तर त्याची कातडी ओढून काढू नका. साधारण माणसाला मी स्वच्छ सुईने कडेला टोचून पाणी काढायला सांगते, तुम्ही तेही करायचं नाही, जवळचा दवाखाना गाठायचा. वापरात असलेली इन्सुलिनची कुपी सावलीत साधारण महिनाभर टिकते, पण निमाडच्या उन्हात नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीच्या मध्यभागी ठेवा. आणि सर्वांत महत्त्वाचं : जेवण समोर आल्याशिवाय इंजेक्शन टोचायचं नाही. आश्रमात बाराची प्रसादी अडीचला मिळू शकते. खिशात साखर किंवा गूळ हवाच, आणि सोबतच्यांना तुमचा आजार माहीत हवा. लपवू नका.

प्रश्न : आयटीत आहे, वारी केली आहे. बारा दिवसांची रजा मिळते. काय जमेल? (एक वाचक, पुणे)

खंड परिक्रमा करा, जिथे सोडाल तिथूनच पुढच्या वर्षी उचला. कर्मठ लोक नाक मुरडतील, मुरडू द्या. चैत्रात गुजरातेत तिलकवाडा-रामपुरा भागात उत्तरवाहिनी परिक्रमा असते, म्हणजे नदी उत्तरेला वाहते तेवढ्याच भागाची, ती एका दिवसात होते, पण हल्ली तिथे अफाट गर्दी. वारी केली आहे म्हणता, तर एक फरक लक्षात ठेवा : आळंदी-पंढरपूरला सामान दिंडीच्या ट्रकमध्ये असतं आणि जेवण कुठे हे आधी ठरलेलं असतं. इथे दोन्ही नाही.

प्रश्न : कुत्र्यांची फार भीती वाटते. (एक वाचक, डोंबिवली)

हातात दंड, म्हणजे काठी, असतोच, तो जमिनीवर आपटत चाला, पळू नका. चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा. पुढचे डोस कुठल्या तारखांना, ते कागदावर लिहून घ्या, म्हणजे वाटेतल्या पुढच्या दवाखान्यात घेता येतात. साबण मैय्यात वापरायचा नसतो, हे खरं. हापसा शोधा.