जिंकत आलेला डाव आणि दारातला प्रश्न

"मॅडम, ही बुद्धिबळात जिंकत आलेला डाव हरते आणि मग तो डाव बघायलाच तयार नसते. मन कच्चं आहे का हिचं? स्पर्धा बंद करू का?"

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच वडील सुरू झाले होते. तेरा वर्षांची मुलगी शेजारी बसून बॅगेच्या चेनशी चाळा करत होती. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) समुपदेशक म्हणून खेळाडू मुलांच्या पालकांकडून मी हे इतक्यांदा ऐकलंय, की पुढचं वाक्यही मला पाठ असतं: "घरी तर मस्त खेळते."

त्यांनी फोन पुढे केला. आदल्या दिवशीचा डाव त्यांनी इंजिनमध्ये, म्हणजे खेळ्या तपासणाऱ्या संगणक प्रणालीत, टाकलेला होता. "बघा, तेहतिसाव्या खेळीपर्यंत प्लस चार, म्हणजे जिंकल्यातच जमा. एक उंट जास्त. आणि मग हे."

मला बुद्धिबळ जेमतेम येतं, पण 'हे' मलाही कळलं. तिचा राजा जी१ या घरात, समोर आपलीच तीन प्यादी भिंतीसारखी उभी. पहिली रांग राखत बसलेला डी१ वरचा हत्ती तिने उचलला आणि डी५ वरचं फुकटचं प्यादं मारलं. समोरच्याचा हत्ती ई१ वर आला. मात. आधी एच२ वरचं प्यादं एक घर सरकवलं असतं, तर राजाला पळायला जागा होती.

"सात वर्षांची होती तेव्हा येत होतं हे हिला!" वडिलांचा खरा संताप याचा होता. मला मात्र ते ऐकून जरा बरं वाटलं. जे सातव्या वर्षापासून येतंय, ते पुन्हा शिकवून काय करणार? दुसरीकडेच बघायला हवं होतं.

पुढच्या वेळी तिला एकटीलाच बोलावलं. फोन नको, पट आणि स्कोअरशीट (खेळ्या लिहायचा कागद) आण म्हटलं. स्कोअरशीटवर खेळींच्या बाजूला तिने मध्येमध्ये बारीक आकडे लिहिले होते. घड्याळात उरलेली मिनिटं. खेळी आधीच लिहून ठेवायला नियमाने बंदी आहे, वेळ लिहिलेली चालते, हे तिनेच मला समजावलं. डावात प्रत्येकाला ९० मिनिटं, शिवाय प्रत्येक खेळीला ३० सेकंद वाढीव. चोविसाव्या खेळीपाशी तिने ४८ लिहिलं होतं आणि तेहतिसाव्या खेळीपाशी ५१.

"वेळ वाढला कसा गं?"

ती बघत राहिली. मग आम्ही कागदावर हिशेब केला. नऊ खेळ्यांचे साडेचार मिनिटं मिळाले, वाढले तीन. म्हणजे नऊ खेळ्यांत मिळून तिने दीड मिनिट खर्च केलं. खेळीला दहा सेकंद! तेही पाऊण तासाहून जास्त वेळ हातात असताना.

"त्या वेळी मनात काय चाललं होतं?"

बराच वेळ ती प्यादं बोटांत फिरवत राहिली. मग म्हणाली, "जिंकतेय असं कळलं की पोटात कसंतरी होतं. आता हरले तर जास्तच वाईट ना. मग वाटतं, पटकन संपू दे. आणि बाबा हॉलच्या दारात असतात."

दारात बाबा काय करतात? काही नाही. फक्त विचारतात, "काय झालं?" आणि उत्तर यायच्या आत फोन उघडतात. इंजिनने चूक दाखवायला दोन सेकंद लागतात. ती चूक करताना पोटात काय होत होतं, ते त्याच्या आकड्यात कुठून येणार? तिच्यासाठी 'डाव बघणं' म्हणजे दारातली ती उलटतपासणीच झाली होती. मीही बघितला नसता.

मन कच्चं असण्याचं म्हणाल तर, २००६ मध्ये बॉनला डीप फ्रिट्झ या संगणक प्रणालीविरुद्ध खेळताना व्लादिमिर क्रॅमनिकला एका खेळीत होणारी मात दिसली नव्हती. तेव्हा तो जगज्जेता होता. तिला हे अर्थातच माहीत होतं. "पण त्याला दारात कुणी विचारलं नसेल," असं म्हणून ती पहिल्यांदा हसली.

हरल्यावर रडणाऱ्या मुलाची मला फारशी चिंता वाटत नाही. झोप उडाली, फेरीआधी दर वेळी उलटी व्हायला लागली, निकाल लपवणं सुरू झालं, तर वाटते. इथे तसं काही नव्हतं.

वडिलांशी बोलणं जास्त अवघड गेलं. तिने डाव स्वतः पटावर मांडून, काय वाटत होतं ते पेन्सिलीने लिहीपर्यंत इंजिन उघडायचं नाही, एवढंच मी मागितलं. त्यांनी घासाघीस केली. "निदान ओपनिंग, सुरुवातीच्या खेळ्या तरी?" नाही. दारातला प्रश्नही बंद. "मग विचारू काय?" त्यांना खरोखरच सुचत नव्हतं. काहीच विचारू नका, पाण्याची बाटली द्या, म्हटलं.

घड्याळाचा उपाय तिचा तिनेच काढला. मिनिटं कमी व्हायच्या ऐवजी वाढताना दिसली, की दोन्ही हात मांडीखाली घ्यायचे. दुसऱ्या एका स्पर्धेत हरल्यावर ती प्रतिस्पर्ध्याबरोबर ॲनालिसिसला बसली. तो मुलगा म्हणाला, मधे मी डाव सोडायच्याच बेतात होतो. हे तिने मला दोनदा सांगितलं.

डाव अजूनही हरते. गेल्या महिन्यात एक जिंकत आलेला डाव बरोबरीत गेला, तो मात्र तिने मला पूर्ण मांडून दाखवला. पेन्सिलीच्या नोंदी होत्या. एकोणतिसाव्या खेळीपाशी 'पोट' एवढंच लिहिलेलं.

निघताना वडील दाराशी थांबले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ती झोपल्यावर मी इंजिन लावतो, मॅडम. राहवत नाही. तिला सांगू नका."

तिने मला ते आधीच सांगून ठेवलं होतं.