नवीन बाई येतायत, स्वागत कसं करू?

प्रश्न : ताई नमस्कार, मी सांगलीत विश्रामबागला एका बालवाडीत शिकवते. आमच्या मोठ्या बाई मे अखेर रिटायर होतायत आणि जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा पुण्याहून नवीन मॅडम येणार, वयानं आमच्यापेक्षा लहान, बालशिक्षणातली डिग्री वगैरे. आमच्या ग्रुपवर ठरलंय की पहिल्याच दिवशी जंगी स्वागत करायचं, रांगोळी, हार, शाल, फेटा, छोट्या गटाचा डान्स, संस्थेचे अध्यक्ष पण येणार. मला हे जरा जास्तच वाटतंय पण बोलले तर म्हणतील हिलाच ती खुर्ची पाहिजे होती (अर्ज मी पण केलेला). त्यात पालकांची आत्तापासूनच कुजबुज चालू झालीय की नवीन मॅडम म्हणे लिहून घेतच नाहीत, नुसतं खेळवतात. काय करू?
– एक शिक्षिका, सांगली

उत्तर : अर्जाचं तुम्ही कंसात टाकलंय पण पत्राचा अर्धा जीव त्या कंसातच आहे बघा. वाईट वाटलं असेल तर वाटू दे की, त्यात लपवण्यासारखं काय आहे. फक्त मॅडमना पहिल्या आठवड्यातच तुमच्या तोंडून कळू दे की मी पण अर्ज केला होता, आता तुम्ही आलाय तर सोबत काम करू. तुम्ही नाही सांगितलं तर दुसरं कुणीतरी तिखटमीठ लावून सांगणारच, आणि अशी बातमी राजवाडा चौकातून विश्रामबागला पोचायला आपल्याकडं रिक्षा पण लागत नाही.

आता कार्यक्रमाचं. खुर्चीचा विषय न काढता मीटिंगमध्ये एवढंच विचारा, की छोट्या गटाचा डान्स बसवणार कधी? मुलं तर त्याच दिवशी पहिल्यांदा शाळेत येणार. निम्मी आईचा पदर सोडत नसतात, दोघं-तिघं गेटलाच लोळण घेतात, एखाद्याची चड्डी ओली होते, त्या गोंधळात स्पीकर लावून फेटा बांधायचा म्हणजे रडणाऱ्याला अजून रडवायचं. ज्यांच्यासाठी शाळा आहे त्यांना त्या दिवशी मांडी पाहिजे असते, स्टेज नाही. हार-शाल द्या ना, पण मुलं गेल्यावर, स्टाफरूममध्ये, चहा-भडंग खाता खाता, आणि अध्यक्षांना पालकसभेला बोलवा, ते तिथं दोन शब्द जास्त बोलले तरी चालतंय. मोठ्या बाईंचा निरोप मात्र वेगळ्या दिवशी, मेमध्येच उरका. दोन्ही एकाच मांडवात घातलं की एकीचं कौतुक दुसरीला टोचतं, आणि भाषण करणाऱ्याला तर तुलना केल्याशिवाय राहवतच नाही.

माझ्या मते खरं स्वागत म्हणजे नवीन माणसाला आपल्याजवळची माहिती हातचं न राखता देणं. खेड्यापाड्यात बालशिक्षणाचं काम उभं केलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचंच बघा. १९४५ ला आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ताराबाईंनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं तेव्हापासून अनुताई त्यांच्यासोबत, पुढं १९५७ ला काम तिथल्याच भागातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं तिथंही सोबत, आणि १९७३ ला ताराबाई गेल्या तेव्हा सगळा भार अनुताईंवर आला. पण तोवर २८ वर्षं एकत्र काढलेली, कुठल्या पाड्यावरचं मूल का येत नाही, कुणाला घरून आणावं लागतं हे त्यांना कुणी शिकवायची गरज उरली नव्हती. तुमच्या मॅडमना २८ वर्षं सोडा, २८ दिवस पण मिळणार नाहीत, पालक पहिल्याच दिवशी तक्रार घेऊन दारात उभे. म्हणून मोठ्या बाई आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा आणि मोठ्या गटात जाणाऱ्या प्रत्येक मुलाचं एक पान लिहून काढा. मार्क-बिर्क नको. डबा कोण उघडत नाही, कुणाला शेंगदाणा चालत नाही, कोण दुपारी पेंगतं, कुणाला न्यायला आजोबाच येतात आणि त्यांना ऐकायला कमी येतं, कुणाच्या घरात सध्या काय चालू आहे. (हे शेवटचं जपून हं, ते पान ग्रुपवर जाता कामा नये.) मॅडमच्या डिग्रीत सगळं असेल पण हे नसणार, आणि हे देणारी तुम्ही असाल तर तुमच्या मनातली अढी पण कमी होईल असं मला वाटतं, खात्री देत नाही.

राहिला लिहिण्याचा प्रश्न, इथं मी सरळ मॅडमच्या बाजूनं आहे. तीन-चार वर्षांच्या पोराच्या मनगटातली हाडं अजून पूर्ण तयारच झालेली नसतात, काही तर अजून कूर्चाच (कानाच्या पाळीसारखी लवचिक) असतात, आणि आपण पेन्सिल कोंबून पानभर क गिरवायला लावतो, मग अक्षर वाकडं आलं म्हणून रबरनं पान फाडतो. त्या बोटांना आधी कणीक मळू दे, माती तिंबू दे, ज्वारीचे दाणे निवडू दे (जवळ बसून, कारण दाणा नाकात घालायचं पण हेच वय). नवीन शैक्षणिक धोरण २०२० चं, त्यात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, आणि २०२२ ला त्याचा अभ्यासक्रम आराखडा आला त्यात पण खेळातून शिकण्यावरच सगळा भर आहे, म्हणजे हे मॅडमचं पुणेरी खूळ नाही. पण पालकांना धोरण वाचून दाखवू नका, ऐकणार नाहीत. त्यांना एक दिवस वर्गात बसवा, मुलं मणी ओवताना मोजतात कशी, गोष्ट ऐकून पुढं काय होणार ते सांगतात कशी हे बघू दे. आणि तुम्ही, जुन्या बाई, तिथं उठून बोललात की हे बरोबर आहे, तर त्या एका वाक्याचं वजन मॅडमच्या तासभराच्या भाषणापेक्षा जास्त पडेल. शेवटी पालक तुम्हाला ओळखतात, त्यांना नाही.

प्रश्न : मी जत तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. आमच्या बीटला, म्हणजे आमच्या अंगणवाड्यांच्या गटाला, नवीन मुख्यसेविका मॅडम येतायत. सगळ्या सेविका वर्गणी काढून साडी द्यायची म्हणतायत. देऊ का?
– एक सेविका

उत्तर : नको. मानधन किती असतं ते तुम्हाला मी काय सांगू, त्यात परत वर्गणी. आणि ज्या उद्या तुमचं रजिस्टर तपासणार त्यांना आज साडी द्यायची, हे त्यांनाही अवघड आणि तुम्हालाही. एक गुलाब द्या, चहा पाजा, बास.

पण एका मुख्यसेविकेकडं साधारण २५ अंगणवाड्या असतात, त्यामुळं तुमच्याकडं त्या लगेच परत येतील असं धरू नका. पहिल्या भेटीतच कामाचं बोलून घ्या. वजनकाटा बरोबर दाखवतो का, नसेल तर तो त्यांच्यासमोरच लावा. तुमच्याकडं कन्नड बोलणारी घरं असतील तर सांगा की ही पोरं गप्प बसतात ती मागं आहेत म्हणून नाही, त्यांना मराठी अजून उमगत नाही म्हणून, नाहीतर बाहेरून आलेल्या माणसाचा गैरसमज होतो. आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची यादी आत्ताच हातात द्या. दिवाळीच्या आसपास पोरं आईबापाबरोबर फडावर जातात, पट एकदम खाली येतो, मॅडमना माहीत नसेल तर वाटणार सेविका काम करत नाही. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या सरकारी ॲपवर स्थलांतराची नोंद करायची सोय आहे, ती करताना काही अडलं तर तेव्हाच विचारून घ्या, म्हणजे ज्या गावच्या फडावर पोर जाईल तिथल्या अंगणवाडीत त्याला आहार मिळायला अडचण यायची नाही. साडीचा विषय परत निघालाच तर माझं नाव सांगा, म्हणावं ताई नको म्हणाल्या.